हिरव्या बांगड्यांचं चित्र

ठाणे

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

जानेवारी २०२४ मध्ये तू मला लंडनच्या टेट मॉडर्न कलासंग्रहालयात अमेरिकन चित्रकार फिलिप गस्टनची चित्रं दाखवायला नेलंस आणि टोपीवाल्यांच्या दालनात पोचताच मी म्हणाले, "मी बाहेर बसते." मांसासारखा गुलाबी रंग, बुटांचे उलटे तळवे, टोकदार टोप्यांआडून सिगार ओढणारी ती कार्टूनं. वर तुला विचारलं, तूही असलंच काढतेस, मनात इतका काळोख कुठून येतो गं? तू काहीच बोलली नाहीस.

तू बॅगेत टाकलेलं पुस्तक मी या उन्हाळ्यात शब्दकोश घेऊन वाचून काढलं. गस्टनचे आईवडील ओडेसाकडून आलेले ज्यू. लॉस एंजेलिसमध्ये वडील भंगार गोळा करत. पोरगा दहाएक वर्षांचा असताना त्यांनी गळफास घेतला. मग तो भिंतीतल्या कपाटात शिरून, लोंबत्या बल्बच्या उजेडात चित्रं काढत बसायचा. आईने त्याला पोस्टाने कार्टून शिकवणारा कोर्स लावून दिला. सात लेकरं, नवरा असा गेलेला, तरी तिने त्यासाठी पैसे काढले. तिचाच विचार मनात घोळत राहिला. तोच बल्ब त्याच्या म्हातारपणच्या कितीतरी चित्रांत लोंबतोय.

अमूर्त चित्रांनी त्याचं मोठं नाव झालं होतं. पण व्हिएतनाम युद्धाच्या काळात बातम्या वाचून घरी संतापायचं आणि मग स्टुडिओत जाऊन लाल रंग निळ्याशी जुळवत बसायचं, हे त्याला सोसेना. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मार्लबरो गॅलरीत त्याने कू क्लक्स क्लॅनचे, म्हणजे काळ्या लोकांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीचे, हे टोपीवाले मांडले. समीक्षकांनी झोडपलं. संगीतकार मॉर्टन फेल्डमनसारखा जिवलग मित्र दुरावला. २०२० मध्ये तर चार मोठ्या संग्रहालयांनी त्याचं प्रदर्शनच पुढे ढकललं. मी बाहेर जाऊन बसले, तेही त्यातलंच.

'द स्टुडिओ' या १९६९ च्या चित्रापाशी मात्र मी अडकले. त्यात टोपीवाला स्वतःचंच चित्र रंगवतोय. क्लॅन ज्यूंच्याही जिवावर उठलेली. आणि हा ज्यू माणूस त्या टोपीत स्वतःला बसवतो!

सई, तुझ्या त्या चित्रातली, कामाला आलेल्या बाईची पिशवी उपसणारी बटबटीत डोळ्यांची उंदरीण. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या माझ्या आहेत, हे मी पहिल्याच नजरेत ओळखलं होतं. कामवाल्यांना वेगळी लिफ्ट हवी म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये मीच हात वर केला होता. म्हणून चिडले. काळोख कुठून येतो, हे मला माहीत होतं.

ते चित्र ठेवलं असशील तर पाठव. हॉलमध्ये लावते. शोभाताई सकाळी आल्या की पहिली नजर जाते, त्या भिंतीवर.

तुझी,
आई