ग्रीन कार्डाच्या अर्जात पक्षाचे सदस्यत्व विचारतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील परदेशगमनाच्या प्रश्नोत्तरांत एका वाचकाला ‘पक्षाच्या सदस्यत्वाचा अमेरिकेच्या व्हिसाशी काहीही संबंध नाही, निश्चिंत राहा’ असे उत्तर दिले आहे. पर्यटक व्हिसापुरते ते चालून जाईल, कारण १९९० च्या अमेरिकी कायद्याने कम्युनिस्ट पक्षाच्या सदस्यांना मज्जाव करणारी अट तात्पुरत्या मुक्कामासाठी जाणाऱ्यांवरून उठवली. परंतु त्या वाचकाचा प्रश्न मुलाने भरलेल्या ग्रीन कार्डाच्या, म्हणजे अमेरिकेतील कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, अर्जाविषयी होता, आणि तिथे आपले उत्तर चुकीचे तर आहेच, शिवाय घातकही आहे.

कायमच्या वास्तव्यासाठी जाणारा कम्युनिस्ट किंवा अन्य एकाधिकारशाही पक्षाचा सदस्य असेल तर त्याचा अर्ज आजही नाकारला जाऊ शकतो. १९५२ साली अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकी काँग्रेसने जो कायदा केला, त्यातून ही अट आजवर चालत आली आहे. केरळात १९५७ साली मतपेटीतून सत्तेवर आलेले आणि पश्चिम बंगालात २०११ साली पराभव होताच सत्ता सोडणारे आपल्याकडील कम्युनिस्ट त्या कायद्याच्या कर्त्यांच्या कल्पनेतही नसावेत. तरीही तो त्यांना लागू होतो, ही मला अन्यायाची गोष्ट वाटते.

माझे वडीलबंधू अण्णा सोलापुरात आयुष्यभर विडी आणि यंत्रमाग कामगारांमध्ये काम करत आले. पक्षाच्या सदस्यत्वाचे ते दरवर्षी नूतनीकरण करतात आणि पेन्शनमधून लेव्ही (पक्षाची वर्गणी) भरतात. वहिनी गेल्यानंतर अण्णांनी एकटे राहू नये म्हणून, अमेरिकेची नागरिक असलेल्या त्यांच्या मुलीने त्यांच्यासाठी अर्ज केला. पुण्यातील ज्या सल्लागाराकडे कागदपत्रे सोपवली होती, त्याच्याकडून अर्जाची प्रत आली, तेव्हा सदस्यत्वाच्या प्रश्नापुढे परस्पर ‘नाही’ भरलेले होते. अण्णांनी विचारणा केल्यावर ‘सोलापुरात येऊन कोण तपासतो?’ असे उत्तर मिळाले. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीसाठी ज्याने ऐन उन्हात मोर्चे काढले, त्या माणसाला म्हातारपणी आपला पक्ष नाकारायला सांगणे हा त्याचा अपमान होता. शिवाय हा सल्ला अमेरिकेचे दार कायमचे बंद करणारा होता. महत्त्वाची माहिती खोटी देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न उघडकीस आला, तर जन्माची प्रवेशबंदी होते, आणि मुलगी नागरिक आहे एवढ्या आधारावर ती उठवून घेता येत नाही.

उलट खरे सांगणाऱ्यासाठी त्याच कायद्यात वाटा ठेवलेल्या आहेत. सदस्यत्व किमान २ वर्षांपूर्वी सोडले असेल (पक्ष हुकूमशाही सरकार चालवत असेल तर ५ वर्षांपूर्वी) आणि अर्जदारापासून देशाच्या सुरक्षेला धोका नसेल, तर ते आड येत नाही. ते वयाच्या सोळाव्या वर्षाआधीचे असेल किंवा नोकरी, शिधा यांसाठी घ्यावे लागले असेल, तरीही हरकत नसते. सदस्य असतानाही नागरिकाच्या आईवडिलांना कुटुंब एकत्र राहावे या कारणासाठी सूट मागता येते. ती देणे मात्र अधिकाऱ्यांच्या मर्जीवर असते. अण्णांनी ते उत्तर बदलून ‘होय’ असे भरायला लावले. आता सूट मागणारा वेगळा अर्ज गेला आहे आणि निर्णयाची वाट पाहण्यावाचून बापलेकींच्या हाती काही नाही. पुढे नागरिकत्व घ्यायचे ठरले तर मागील १० वर्षांतील सदस्यत्व पुन्हा आड येईल, ते वेगळेच.

आपल्या उत्तरावर विश्वास ठेवून एखादा वृद्ध बाप उद्या तो प्रश्न न वाचताच ‘नाही’ लिहून मोकळा होईल, म्हणून येत्या रविवारी त्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्ती छापावी, ही कळकळीची विनंती. जाता जाता आणखी एक. त्या प्रश्नोत्तरांच्या चहूबाजूंनी ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ देणाऱ्या सल्लागारांच्या जाहिराती असतात. व्हिसा देणे किंवा नाकारणे हे सर्वस्वी त्या देशाच्या अधिकाऱ्यांच्या हाती असते आणि त्याची हमी कोणताही सल्लागार देऊ शकत नाही, हे आपल्या जाहिरात विभागालाही ठाऊक असले पाहिजे. अशा जाहिराती आपण का स्वीकारता, याचाही खुलासा व्हावा.

आपला,
एक जुना वाचक, सोलापूर