हाय-रेझच्या आकड्यांबरोबर मास्टरची माहितीही द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत नुकताच आलेला हाय-रेझोल्यूशन (हाय-रेझ) म्हणजे सीडीपेक्षा अधिक बारकाईने साठवलेल्या डिजिटल संगीताविषयीचा लेख वाचला. एवढे फॉरमॅट आणि त्यांची नावे सामान्य श्रोत्याला सोपी करून सांगणे कठीण काम आहे आणि लेखकाने ते चांगले केले आहे. तथापि लेखासोबतचा तक्ता पाहून कोणाचाही असा समज होईल की १६ बिटपेक्षा २४ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपेक्षा १९२ किलोहर्ट्झ ज्या प्रमाणात मोठे, त्याच प्रमाणात आवाजही सरस. हा समज बरोबर नाही, आणि अनेक वर्षे मीही तो बाळगून होतो, म्हणून हे पत्र. माझ्या मते या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे असते ते मास्टर, म्हणजे ज्यावरून सगळ्या प्रती निघतात ती ध्वनिमुद्रणाची अंतिम आवृत्ती.

सॅम्पल रेट म्हणजे ध्वनिलहरीची दर सेकंदाला किती वेळा नोंद घेतली, तो आकडा. नमुने घेण्याच्या सिद्धांतानुसार या आकड्याच्या निम्म्यापर्यंतची प्रत्येक वारंवारता पूर्णपणे परत मिळवता येते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचा दर ४४,१०० असल्याने तिची मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झ होते, आणि तरुण, निरोगी कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ धरली जाते. वय वाढते तशी ती खाली येत जाते. जाहिरातींत सीडीचा आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा आणि हाय-रेझचा गुळगुळीत वक्रासारखा दाखवतात. ते चित्र दिशाभूल करणारे आहे, कारण डिजिटल नोंदींचे पुन्हा ध्वनीत रूपांतर होताना फिल्टरमधून बाहेर पडणारी लहर दोन्हीकडे सारखीच सलग असते. १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये जे अधिकचे असते, ते श्राव्य मर्यादेच्या वरचे असते.

बिटांचेही, म्हणजे प्रत्येक नोंद किती अंकांत लिहिली त्या आकड्याचेही, तसेच. एक बिट वाढला की सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते; त्या हिशेबाने १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबल मावतात. ध्वनिमुद्रण करताना २४ बिटांचा उपयोग निर्विवाद आहे, कारण गायकाने अचानक वरचा स्वर लावला तरी तो फाटू नये म्हणून पातळी कमी ठेवता येते आणि पुढच्या संस्कारांसाठी जागा उरते. घरी ऐकताना मात्र, शांत म्हणवल्या जाणाऱ्या खोलीचाच स्वतःचा गोंगाट ३० डेसिबलच्या आसपास असतो. जुन्या टेपवरील ध्वनिमुद्रणांत हळू-मोठ्या आवाजातील हे अंतर तर साधारण ७० डेसिबलचे. ती २४ बिटांत उतरवली, तर जास्तीचे बिट टेपची खरखर तेवढी अधिक काटेकोरपणे जपतात.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आपल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा थेट, तर एकदा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या टप्प्यातून काढून श्रोत्यांना ऐकवला गेला. यातला कोणता आवाज कोणता, या ५५४ वेळा विचारलेल्या प्रश्नाला २७६ वेळा बरोबर उत्तर आले, म्हणजे नाणेफेकीने आले असते तितकेच. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांतील १२,५०० हून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के आढळले; प्रशिक्षण दिलेल्या श्रोत्यांत ते याहून बरेच अधिक होते. म्हणजे फरक अजिबात नसतो असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण जाहिरातीतला 'पडदा दूर झाल्यासारखा' फरक तो नव्हे.

मी स्वतः एक २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल घेऊन तिचीच सीडीच्या दर्जाची प्रत तयार केली. पहिल्या दिवशी मला फरक लगेच ओळखू आला आणि मी खूश झालो. मग लक्षात आले की एक फाइल किंचित मोठ्या आवाजात वाजत होती. किंचित मोठा आवाज कानाला 'मोठा' न वाटता 'चांगला' वाटतो, हे ध्वनीच्या धंद्यातले जुने गुपित आहे. पातळी जुळवून आणि कोणती फाइल चालू आहे हे न पाहता पुन्हा ऐकले, तेव्हा २० पैकी ११ उत्तरे बरोबर आली.

असे असूनही एसएसीडी लावल्यावर खरोखरच आनंद झाल्याचे अनेकजण सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. मेयर आणि मोरान यांनीही नोंदवले आहे की त्या तबकड्यांवरील संगीत सामान्य सीडींपेक्षा बऱ्याचदा सरस वाटले. त्याचे श्रेय त्यांनी फॉरमॅटला न देता, मोजक्या जाणकारांसाठीच्या त्या आवृत्त्या अधिक निगुतीने मास्टर केल्या होत्या, या गोष्टीला दिले आहे. माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म इथे आहे. १९९० नंतर गाणे अधिकाधिक मोठे वाजावे म्हणून मास्टरिंगमध्ये हळू आणि मोठ्या जागांतील अंतर दाबून टाकण्याची चढाओढ लागली. मेटॅलिका या बँडचा २००८ सालचा अल्बम त्याचे प्रसिद्ध उदाहरण. सीडीवर तो इतका दाबलेला होता की ढोलांचे ठोके फाटत होते, आणि तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये मोकळी ऐकू येतात हे श्रोत्यांनीच उघड केले. दाबलेल्या मास्टरची फाइल १९२ किलोहर्ट्झची असली तरी त्यातला गेलेला श्वास परत येत नाही.

फॉरमॅटच्या भांडणांत आवाजापेक्षा कुलूपकिल्लीचा भाग मोठा होता, असेही इतिहास सांगतो. १९९९ ची एसएसीडी आणि २००० ची डीव्हीडी-ऑडिओ एकमेकींशी झगडल्या, दोन्हींवर नकल रोखण्याची कडक व्यवस्था होती, आणि सर्वसाधारण श्रोता दोन्हींपासून दूरच राहिला. २०१४ साली आलेल्या एमक्यूए या फाइल लहान करण्याच्या तंत्राने छोट्या फाइलमध्ये मूळ मास्टरचा अनुभव देण्याचे आश्वासन दिले. पण ते तंत्र लॉसलेस, म्हणजे मूळ माहितीतले काहीही न गमावणारे, नव्हते आणि त्याचा पूर्ण लाभ घेण्यासाठी परवानाधारक यंत्र लागे. २०२३ साली ते तंत्र विकणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढच्या वर्षी टायडल या स्ट्रीमिंग सेवेने एमक्यूए सोडून फ्लॅक हा लॉसलेस फॉरमॅट स्वीकारला. फ्लॅक २००१ पासून सर्वांना खुला आहे, ॲपलचा तसाच फॉरमॅट अलॅकही २०११ पासून खुला आहे, आणि दोन्हींतून उलगडणारे बिट शेवटच्या अंकापर्यंत तेच असतात. त्यांतला कोणता 'अधिक गोड' यावरचे वाद मी हल्ली वाचत नाही.

ब्लूटूथचा उल्लेख लेखात नव्हता, तो हवा होता. सीडीच्या दर्जाचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट, तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा ९,२१६ किलोबिट असतो. एलडॅकसारख्या वरच्या दर्जाच्या ब्लूटूथ कोडेकची (ध्वनी दाबून पाठवण्याच्या पद्धतीची) कमाल ९९० किलोबिट आहे. हाय-रेझचे वर्गणीदार होऊन बिनतारी हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

माझी सूचना साधी आहे. स्ट्रीमिंग सेवांनी बिट आणि किलोहर्ट्झच्या शेजारी त्या आवृत्तीचे मास्टरिंग कोणत्या वर्षी आणि कोणी केले, ते मूळ टेपवरून केले की आधीच्या डिजिटल प्रतीवरून, हेही छापावे. एकाच अल्बमच्या तीन आवृत्त्या असतील तर तिन्ही ऐकायला ठेवाव्यात. आज नवी आली की जुनी गुपचूप नाहीशी होते, आणि अनेकदा जुनीच चांगली असते. सीडीच्या दराची फाइल फुगवून हाय-रेझ म्हणून दिली असल्यास ते ओळखणे अवघड नाही, कारण २२ किलोहर्ट्झच्या वर आलेखात काहीच नसते. ही तपासणी ग्राहकावर सोडण्याऐवजी विक्रेत्याने आधी करावी. आपल्या पुरवणीत या विषयावर पुढचा लेख येईल तेव्हा तक्त्यात 'मास्टर' या नावाचा एक रकाना जोडता आला, तर माझ्यासारख्या वाचकांची मोठी सोय होईल.

आपला,
एक नियमित वाचक