दुसऱ्या विषयातून संख्याशास्त्राकडे: मॅडम, तुमचे आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत संख्याशास्त्राच्या एम.एस. आणि पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्या जीवशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, अभियांत्रिकी अशा विषयांतल्या मुलामुलींचे कागद तुम्ही वर्षानुवर्षं तपासत आलात. "आभारी आहोत" एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. पण तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगितल्याशिवाय त्या दोन शब्दांना वजन नाही, म्हणून हे पत्र खुलं आणि जरा लांब.

"माझा विषय वेगळा आहे, चालेल का?" या प्रश्नाला तुम्ही थेट उत्तर देत नाही, गुणपत्रिका मागता. आम्हाला तुमची सगळ्यात मोठी मदत हीच वाटते. प्रवेश समितीचं पदवीच्या नावावाचून अडत नाही. पहिल्या सहामाहीत हा विद्यार्थी तरेल का, एवढंच तिला बघायचं असतं. धीर देणारे लोक गॉसेटचं उदाहरण देतात: बिअरच्या कारखान्यातला रसायनतज्ज्ञ, ज्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने, लहान नमुन्यांवरून सरासरीचा अंदाज करताना लागणाऱ्या टी-वितरणाचा निबंध छापला. रसायनशास्त्राआधी त्याने गणितही शिकून घेतलं होतं, हे मात्र सोयीस्कररीत्या गाळलं जातं.

गणितातलं काय हवं आणि कशासाठी हवं, हे तुमच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. बहुचल कलन हवं, कारण जेकोबियन (चल बदलताना क्षेत्रफळ किती पटीने बदलतं ते सांगणारा निश्चयक) कळला नसेल तर दोन चलांच्या गुणोत्तराची संभाव्यता-घनता काढताना हात थांबतो. रेषीय बीजगणित हवं, पण नुसते निश्चयक सोडवण्यापुरतं नाही. विदेतून (डेटातून) सगळ्यात जवळून जाणारी रेषा शोधणारी लघुतम वर्ग पद्धत म्हणजे मॅट्रिक्सच्या स्तंभांनी बनलेल्या अवकाशावरचा लंब प्रक्षेप, हे एकदा दिसलं की रिग्रेशनची (एका राशीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची) निम्मी सूत्रं पाठ करावी लागत नाहीत. त्यानंतर कलनावर आधारलेली संभाव्यता आणि तिच्या पाठोपाठ गणितीय संख्याशास्त्र. पीएच.डी.साठी यात रिअल ॲनालिसिसची (कलनामागच्या काटेकोर सिद्धतांच्या विषयाची) भर पडते, कारण तिथे पहिल्या वर्षीच मेजर थिअरीवरची (संचांना 'माप' देणाऱ्या गणितावरची) संभाव्यता समोर येते आणि सीमा, अभिसरण, एकसमान सातत्य यांच्या सिद्धता स्वतः लिहाव्या लागतात.

बहुतेकांची गल्लत होते ती इथे. मानसशास्त्रात किंवा जीवशास्त्रात घेतलेला 'संख्याशास्त्र'चा कोर्स, ज्यात टी-टेस्ट आणि काय-स्क्वेअर या तयार चाचण्या सॉफ्टवेअरवर चालवायला शिकवतात, तो संभाव्यतेच्या जागी धरला जात नाही. ऑनलाइन प्रमाणपत्रांचंही तसंच. शिकायला ती उत्तम, पण श्रेयांक आणि श्रेणी गुणपत्रिकेवर उमटत नसेल तर समितीच्या हाती काही पडत नाही. उलट अभियांत्रिकीवाल्यांकडे पुष्कळदा सगळं असतं आणि ते 'अभियांत्रिकी गणित' अशा मोघम नावाखाली दडलेलं असतं. त्यावर तुमचा एक पानाचा तक्ता: कोर्सचं नाव, पाठ्यपुस्तक, प्रत्यक्ष शिकवलेली प्रकरणं, श्रेणी, सहामाही. अर्जात तो जोडता येतो, आणि जिथे जोडता येत नाही तिथे 'गणिताची पूर्वतयारी' या रकान्यात त्यातलंच लिहिता येतं.

क्रमाबद्दलचा तुमचा हट्ट तर वाचवणाराच ठरतो. सिद्धता लिहायची सवय नसताना थेट ॲनालिसिसला बसलं की 'सी' श्रेणी येते, आणि ती श्रेणी कोर्स न घेण्यापेक्षा जास्त नुकसान करते. आधी सिद्धता शिकवणारा एखादा कोर्स, नाहीतर सिद्धतांसकट रेषीय बीजगणित, मग ॲनालिसिस. एका सहामाहीत गणिताचे दोन कोर्स पुरे. नोकरी सांभाळून एकच. शिवाय पीएच.डी.च्या अनेक अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते, त्या वेळी चालू सहामाहीच्या श्रेणी लागलेल्या नसतात. म्हणजे जो कोर्स दाखवायचाय तो त्याआधीच्या सहामाहीत पूर्ण व्हायला हवा. उरलेला 'चालू आहे' म्हणून नोंदवायचा आणि निकाल लागताच विभागाला कळवायचं.

अर्जासोबतच्या निवेदनाच्या (स्टेटमेंट ऑफ पर्पज) मसुद्यांवरची तुमची लाल शाई काहींना कडक वाटते. आम्हाला ती कमीच वाटते. 'लहानपणापासून आकड्यांची आवड' हे पहिलं वाक्य तुम्ही न चुकता खोडता आणि तिथे अर्जदाराच्या मूळ विषयातला असा प्रश्न मागता, जो संख्याशास्त्राशिवाय सुटत नाही. जनुकशास्त्रवाल्याने २०,००० जनुकं एकेक करून ५ टक्के पातळीवर तपासली, तर खरा परिणाम एकाही जनुकात नसताना सुमारे १,००० 'शोध' लागतील. हे लिहून पुढे अशा खोट्या शोधांचं प्रमाण आटोक्यात ठेवणाऱ्या, बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांच्या १९९५ च्या पद्धतीत कोणतं गृहीतक आपल्या विदेला लागू पडत नाही, ते सांगावं. मानसशास्त्रवालीने एकाच व्यक्तीच्या पुन्हापुन्हा घेतलेल्या नोंदी स्वतंत्र धरल्यामुळे प्रमाणत्रुटी (अंदाज किती डळमळू शकतो याचं माप) कशी फसवी निघते, ते लिहावं. अभियंत्याने अजून न बिघडलेल्या सुट्या भागांच्या आयुष्याचा अंदाज कसा करायचा, हा प्रश्न मांडावा. असं लिहिलं की वेगळा विषय हीच अर्जाची जमेची बाजू होते, आणि "मी विषय का बदलला" याचं लांबलचक समर्थन करायची गरज उरत नाही.

संगणकाच्या कामाचा नमुना म्हणून तुम्ही सुचवलेलं सिम्युलेशन आम्ही आता सगळ्यांना सुचवतो. घातांकी वितरणातून १० निरीक्षणांचे नमुने घ्यायचे, प्रत्येकावरून सरासरीचा ९५ टक्क्यांचा टी-अंतराल (ज्यात खरी सरासरी ९५ टक्के वेळा सापडावी अशी टप्पा-मर्यादा) काढायचा, हे १०,००० वेळा करायचं. खरी सरासरी अंतरालात सापडण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांवर न येता ९० च्या आसपास येतं, कारण नमुना लहान आणि वितरण एका बाजूला कललेलं. सोबत सिम्युलेशनची स्वतःची प्रमाणत्रुटी, सुमारे ०.००३, द्यायलाच हवी. ती दिलेली दिसली की वाचणाऱ्याला कळतं, समोरच्याला कोड तर लिहिता येतोच, विषयही कळतो. आर किंवा पायथनमध्ये हे ३०-४० ओळींत होतं. तयार विदेवर न्यूरल नेटवर्क चालवून दाखवण्यापेक्षा आमच्या मते हे कितीतरी बरं.

शिफारसपत्रं साधारण तीन लागतात. त्यांतलं निदान एक गणित किंवा संख्याशास्त्र शिकवलेल्या प्राध्यापकाचं हवं, ही तुमची अट योग्यच आहे. कार्यालयातल्या वरिष्ठांनी 'कष्टाळू, वक्तशीर' असं लिहिलेलं पत्र समिती उलटून पुढे जाते. सहा ते आठ आठवडे आधी विचारावं, विचारताना 'ठाम पत्र देता येईल का' असं विचारून नकाराला जागा ठेवावी, आणि होकार मिळाला की गुणपत्रिका, निवेदनाचा मसुदा, त्या वर्गात केलेलं काम आणि मुदतींची यादी एकत्र पाठवावी.

परीक्षांबद्दल थोडक्यात: जी.आर.ई. ही सामायिक प्रवेशपूर्व परीक्षा अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे, तेव्हा प्रत्येक विभागाचं पान वाचावं. जी.आर.ई.च्याच गणिताच्या विषय-परीक्षेच्या बाबतीत मात्र, ती द्यावी या तुमच्या मताशी आमचं जमत नाही. तिच्यातले निम्मे प्रश्न कलनाचे असतात आणि ती मागणारे विभाग थोडे. तेवढे महिने ॲनालिसिसला दिले तर जास्त फळ मिळतं, असं आम्ही सांगत राहणार, तुम्ही रागवा.

एम.एस. की पीएच.डी., यावर मात्र आपलं एकमत. ॲनालिसिस नसेल आणि संशोधनाचा प्रश्नही ठरला नसेल, तर आधी एम.एस. करावं, मात्र तिथे बहुधा फी स्वतः भरावी लागते, पीएच.डी.त शिकवण्याच्या कामाच्या बदल्यात फी आणि मानधन बरेचदा मिळतं. आरोग्याच्या क्षेत्रातून येणाऱ्यांनी बायोस्टॅटिस्टिक्सचे (जैवसंख्याशास्त्राचे) विभाग जरूर पाहावेत, काही ठिकाणी ॲनालिसिसची सक्ती नसते. 'डेटा सायन्स' नावाच्या अभ्यासक्रमात गणितीय संख्याशास्त्र सक्तीचं आहे की नाही ते आधी तपासावं. नसेल तर तिथून पुढे पीएच.डी.ला जाताना गणिताची हीच दरी पुन्हा समोर येते.

या सगळ्यासाठी तुम्ही दिलेला वेळ, आणि त्याहून जास्त म्हणजे "यंदा अर्ज करू नका, आधी संभाव्यतेचा कोर्स करा" हे तोंडावर सांगण्याचा स्पष्टपणा, यांबद्दल मनापासून आभार. यापुढे जो कुणी मसुदा घेऊन येईल त्याचा एक पानाचा तक्ता आम्ही आधी भरून घेऊ आणि मगच तुमच्याकडे पाठवू.

आपले नम्र,
वेगवेगळ्या विषयांतून संख्याशास्त्रात आलेले तुमचे विद्यार्थी