पहिली ते पाचवीची 'स्टेम लॅब' डेडस्टॉकमध्ये नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांना कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक उत्तरदायित्व) निधीतून 'स्टेम लॅब', म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या प्रयोगशाळा, मिळू लागल्या आहेत, याचा आनंदच आहे. पण संच शाळेत पोचल्यावर त्याचे पुढे काय होते, याचा विचार देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधीच करायला हवा. रोबोटिक्सचा महागडा संच आला की त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, होते. सेन्सर तुटला, मोटार जळली तर निर्लेखनाचे (वस्तू नोंदीतून कमी करण्याचे) कागद मुख्याध्यापकांच्या मागे लागतात. म्हणून संच कपाटात जातो आणि पाहुणे येतील त्या दिवशी बाहेर निघतो. यात शिक्षकांचा आळस नाही. मोडण्याची भीती असलेली वस्तू सात वर्षांच्या मुलाच्या हातात कोण देईल? केंद्र सरकारची शाळांतल्या प्रयोगशाळांची अटल टिंकरिंग लॅब योजनासुद्धा सहावी ते बारावीसाठी आहे. तिचीच लहान प्रत काढून पहिली ते पाचवीला देणे चुकीचे आहे.

या वयाला लागते ती मोडली तरी चालेल अशा साहित्याची पत्र्याची पेटी, ती दरवर्षी भरून देण्याची सोय आणि वेळापत्रकात आठवड्यातून एकदा सलग दोन तासिका. एका तासिकेत साहित्य वाटण्यात आणि गोळा करण्यातच वेळ जातो, प्रयोग उरकला जातो आणि मुलांचे बोलणे राहून जाते.

३० मुलांसाठी चार-चारांचे आठ गट धरले तर पेटीत असे साहित्य असावे: मोठे साधे सेल १६, पांढरे आणि लाल एलईडी प्रत्येकी २५, १०० ओहमचे रेझिस्टर २५, दुरंगी मऊ वायर २० मीटर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी २६ गेजची एनॅमल (वीजरोधक लेप असलेली) तार १०० ग्रॅम, चकती चुंबक ८, बहिर्गोल भिंगे १६, मोजपट्ट्या ८ आणि पाऱ्याचे नसलेले तापमापक ८. एवढे साहित्य साधारण पाच हजार रुपयांत बसते. सेल, एलईडी आणि तार ही संपणारीच वस्तू आहे. तिची नोंद उपभोग्य साहित्यात व्हावी, डेडस्टॉकमध्ये नव्हे.

विजेच्या प्रयोगात नेमके काय बिघडते, हे शिक्षकाला आधी ठाऊक हवे. टॉर्चचा बल्ब घ्यायचा तर अडीच व्होल्टचाच मागावा. दुकानदाराने सहा व्होल्टचा दिला तर दोन सेलवर तो पेटल्याचे दिवसा दिसतही नाही आणि मुलांना वाटते, जोडणी चुकली. पांढरा एलईडी दोन सेलवर थेट चालतो. लाल एलईडीला कमी व्होल्ट लागतात. तो थेट जोडला तर प्रमाणाबाहेर प्रवाह जाऊन जळू शकतो, म्हणून त्याला रेझिस्टर हवा. एलईडीचा लांब पाय धन टोकाला. रिचार्जेबल सेल पेटीत ठेवू नयेत, कारण दोन टोके चुकून जोडली गेली तर तार चटका बसण्याइतकी तापते. बटण सेल तर शाळेत नकोच. पहिली-दुसरीचे मूल तो गिळू शकते आणि अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.

पाचवीसाठी साधी मोटार घ्यावी. सेलभोवती गुंडाळून काढून घेतलेले तारेचे दहा वेढे, दोन सेफ्टी पिना आणि खाली चुंबक. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तारेच्या दोन्ही टोकांवरचे एनॅमल पूर्ण खरवडणे. मग प्रवाह सतत चालू राहतो, पुढच्या अर्ध्या फेरीत जोर उलट्या दिशेने लागतो आणि वेढे नुसते डुलून थांबतात. एक टोक पूर्ण, दुसरे फक्त अर्ध्या बाजूने खरवडायचे. तरी फिरले नाही तर वेढ्यांचा तोल पाहावा आणि बोटाने हलका धक्का द्यावा.

आपल्याकडे जूनपासून करता येणारा सर्वांत सकस प्रकल्प पर्जन्यमापकाचा आहे. सरळ भिंतीची बाटली वरून कापून तोंडाचा भाग उलटा आत बसवायचा. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून खडे आणि पाणी घालून पाणी सरळ भागापर्यंत आणायचे आणि तिथे शून्याची खूण करायची. कापलेल्या तोंडाचा आणि खालच्या भागाचा व्यास सारखा असेल तरच पट्टीवरचे मिलिमीटर खरे. रुंद नरसाळे लावले की आकडा फुगतो. बाटली झाडाखाली किंवा पागोळ्याखाली ठेवू नये. रोज ठरावीक वेळी मोजून पाणी पुन्हा शून्यावर आणावे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. महसूल मंडळाच्या आकड्याशी तुलना करायची तर शाळेजवळ राहणाऱ्या एखाद्या मुलाने त्या वेळी नोंद घ्यावी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटर पडला तर १,५०० लिटर, हे गणित पाचवीतली मुले आपणहून मांडतात. द्विशिक्षकी शाळेत धाकट्यांनी दोरीने पाण्याची उंची मोजावी, थोरल्यांनी आलेख काढावा. विषय एकच, फक्त वयानुसार कमी-जास्त खोलात.

पावसाळा संपला की सावल्या. शून्य सावलीचा एक दिवस बहुतेक जागी मेच्या सुट्टीत येतो आणि दुसरा पावसाळ्याच्या ढगांत जातो, म्हणून त्यावर विसंबू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अर्ध्या मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. मध्यान्हाजवळ सावलीची लांबी फार हळू बदलते, त्यामुळे सर्वांत लहान सावली थेट सापडत नाही. सकाळी ११ च्या सावलीइतक्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे, दुपारी टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल ती वेळ टिपावी आणि मधली वेळ काढावी. साताऱ्यात ती नोव्हेंबरात सव्वाबाराच्या सुमारास, फेब्रुवारीत पाऊणच्या आसपास येते. घड्याळातले १२ आणि सूर्याचे १२ वेगळे का, हा प्रश्न मग मुलांचा होतो.

गटात एक गोष्ट जाणीवपूर्वक करावी लागते. तसे न केल्यास वायर मुलग्यांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात राहते. साहित्य, जोडणी, मोजणी आणि नोंद ही चार कामे दर आठवड्याला फिरवावीत आणि फळ्यावर नावे लिहावीत.

शिक्षकांसाठी स्लाइड दाखवणारे प्रशिक्षण पुरे झाले. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्या महिन्याचा प्रयोग प्रत्येक शिक्षकाने स्वतःच्या हाताने करावा, बिघडवावा आणि दुरुस्त करावा. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या चित्रफिती मराठीतही मोफत आहेत, त्या तयारीला पुरतात.

राहिला पैशांचा प्रश्न. केंद्र सरकारच्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १० हजार आणि १०० पर्यंत पटाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान आहे. त्यातूनच स्वच्छता, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची असते. त्यामुळे देणगीदारांना कळकळीची विनंती: एका शाळेला लाखांचा संच देण्याऐवजी केंद्रातल्या सगळ्या शाळांना पेट्या द्याव्यात आणि पाच वर्षे दर जूनमध्ये प्रत्येक पेटीमागे दीड हजारांची भरती लेखी कबूल करावी. शिक्षण विभागाने या साहित्याची तूटफूट मुख्याध्यापकांकडून वसूल होणार नाही, असे एका ओळीचे परिपत्रक काढावे.

– प्राथमिक विज्ञानाचा एक साधनव्यक्ती, सातारा