आईच्या गोळीबद्दल

फोंडा

चि. प्रथमेश,
अनेक आशीर्वाद.

आईची स्तनाच्या कर्करोगावरची गोळी टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला, म्हणजे स्त्रियांच्या शरीरातल्या मुख्य हार्मोनला, अडवते, तर मग डॉक्टर आईच्या गर्भाशयाकडे लक्ष ठेवायला का सांगतात, असं तू विचारलंस. फोनवर उरकण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहितो.

इस्ट्रोजेन रक्तातून सगळीकडे फिरतं आणि कुठल्याही पेशीत सहज शिरतं. पण ते टिकतं त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून ठेवणारं प्रथिन, असेल तिथेच. शिकागोत एल्वुड जेन्सन या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस उंदराच्या माद्यांना किरणोत्सारी इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) दिलं. स्नायूंतून ते निघून गेलं, गर्भाशयाने मात्र धरून ठेवलं, तेही जसंच्या तसं. हार्मोनमध्ये रासायनिक बदल होऊनच त्याचं काम चालतं, ही तोवरची समजूत त्यामुळे मागे पडली. बारावीच्या पुस्तकात नसला तरी हा प्रयोग मी वर्गात आवर्जून सांगायचो. इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच भेटतो.

हा रिसेप्टर मुख्यतः पेशीच्या केंद्रकात असतो. इस्ट्रोजेन त्याच्या खाचेत बसलं की रिसेप्टरचाच एक भाग डब्याच्या झाकणासारखा वर बसतो. मग दोन रिसेप्टर जोडीने डीएनएच्या ठरावीक जागी बसतात, त्यांना मदतनीस प्रथिनं चिकटतात आणि जनुकं कामाला लागतात. पाळी येण्याच्या वयात गर्भाशयाचं अस्तर वाढतं ते यामुळेच.

आईची गोळी त्याच खाचेत बसते, पण तिच्या रेणूची एक बाजू आड येते आणि झाकण जागेवर बसत नाही. स्तनाच्या पेशीत मदतनीस चिकटू शकत नाहीत, गाठीची वाढ रोखली जाते. गर्भाशयातल्या मदतनीस प्रथिनांचा मेळ वेगळा. तिथे हीच गोळी थोडंफार इस्ट्रोजेनसारखं काम करून जाते. पाळी गेलेल्या बाईत मुळात इस्ट्रोजेनच कमी, त्यामुळे हा परिणाम जास्त जाणवतो. अस्तर जाड होऊ शकतं, क्वचित तिथे कर्करोगही होतो. 'क्वचित' हा शब्द नीट वाच आणि नेटवर रात्र रात्र काही शोधत बसू नकोस. आईला गोळीचा होणारा फायदा या धोक्यापेक्षा खूप मोठा आहे. गोळी चुकवायची नाही, आणि रक्ताचा साधा डाग दिसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

अडचण एवढीच की असलं काही ती आपणहून बोलणार नाही. मी विचारलं की "काही नाही हो" म्हणून स्वयंपाकघरात जाते. तुला ती टाळत नाही. चवथीला येशील तेव्हा तिला स्पष्ट विचार. पोरगा असून कसं विचारू, असं मनात आणू नकोस.

तुझा,
बाबा