काकांच्या निगेटिव्ह आणि तुझा स्कॅनर

प्रिय मित्रा,

काकांच्या जुन्या निगेटिव्ह आणि तुझे रोल स्कॅन करायला कुठला स्कॅनर घ्यावा, हा तुझा मेसेज वाचला आणि ठरवलं की याचं उत्तर फोनवर द्यायचंच नाही, नीट बसून लिहायचं. दोन मिनिटांत बोलून विषय संपवला की माणूस शेवटी खोक्यावरचा आकडा बघतो आणि वस्तू घेऊन घरी येतो, आणि तुझ्या मेसेजमध्ये तीन वेळा "6400 डीपीआय" आलंय म्हणून मला जरा काळजी वाटली. डीपीआय म्हणजे स्कॅनर एका इंचात किती ठिपके टिपतो ते.

एप्सनच्या व्ही 600 वर, म्हणजे काचेवर ठेवून स्कॅन करायच्या फ्लॅटबेडवर, 6400 लिहिलंय ते बरोबर आहे, पण तो सेन्सरचा आकडा झाला. भिंगातून तेवढा बारकावा आत पोचतच नाही. टेस्ट चार्ट ठेवून मोजलं की हाताला लागतात साधारण 1500-1600. व्ही 700 आणि त्यानंतरचे व्ही 800, व्ही 850 यांच्यात दोन भिंगं असतात, फिल्म होल्डर लावून स्कॅन केलं की जास्त बारीक बघणारं भिंग कामाला लागतं, तिथे गाडी 2300 च्या आसपास जाते. निकॉनचा कूलस्कॅन 9000 हा फक्त फिल्मसाठीचा स्कॅनर मात्र 4000 सांगतो आणि जवळजवळ तेवढं देतो.

आता हे ऐकून लगेच कूलस्कॅन शोधायला लागू नकोस. तुझी फिल्म 120 ची, म्हणजे रुंद रोलची आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. 35 एमएमची फ्रेम 24 बाय 36 मिलीमीटर, तुझी सिक्स बाय सिक्स (सेंटीमीटर) प्रत्यक्षात 56 बाय 56 मिलीमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साडेतीनपटीहून जास्त. 35 एमएमवाल्याला फ्लॅटबेड पुरत नाही कारण त्याच्याकडे जागाच नाही, तुझ्याकडे आहे. व्ही 700 चे खरे 2300 धरले तरी एका बाजूला पाच हजारच्या वर पिक्सेल मिळतात. तू दोन फुटी प्रिंटबद्दल विचारलं होतंस ना, तर 24 इंचाला हे दोनशेच्या वर डीपीआय होतात, भिंतीवर लावून चार पावलांवरून बघायला चांगले पुरतात. व्ही 600 वर मात्र 12 इंची प्रिंटपर्यंतच मला समाधान वाटेल.

आणि काकांचा कॅमेरा आठव. आग्फा क्लिक थ्री, बडोद्याला बनायचा तो, पुढे एकच साधं भिंग. कडांना फोटो मऊ होतो, मधे ठीक असतो. त्या निगेटिव्हमध्ये जेवढं आहे तेवढं व्ही 700 पूर्ण काढून देईल, त्यापुढे कूलस्कॅन लावला तरी ग्रेनच, म्हणजे फिल्मचे दाणेच, जास्त ठळक दिसेल, माणसांचे चेहरे नाही. तुझ्या याशिका मॅट कॅमेऱ्याच्या रोलमध्ये दम आहे, पण त्यातल्याही सगळ्या फ्रेम थोड्याच मोठ्या प्रिंट करणारेस. ज्या दोन-चार जीव लावाव्या अशा असतील त्या लॅबमध्ये ड्रम स्कॅनला दे, तो सगळ्यात बारीक स्कॅन, बाकी घरी.

कूलस्कॅन नको म्हणायला आणखी एक मोठं कारण आहे. तो बंद होऊन वर्षं झाली, जोडायला फायरवायर नावाचं जुनं पोर्ट लागतं जे आताच्या लॅपटॉपला नसतंच, आणि आत काही बिघडलं तर पार्टसाठी दारोदार फिरायचं. लोक त्याच्या डिजिटल आइसवर जीव टाकतात, धूळ आणि ओरखडे आपोआप पुसले जातात म्हणून. पण ती युक्ती इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशावर चालते, रंगीत फिल्मच्या रंगातून इन्फ्रारेड आरपार जातो आणि फक्त धूळ अडवते म्हणून धूळ कुठे आहे ते मशीनला कळतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्र चांदीचं असतं, चांदीसुद्धा इन्फ्रारेड अडवते, मग मशीन चित्रालाच धूळ समजून खायला लागतं. काकांचे ते उटीला बनणाऱ्या इंदू फिल्मचे रोल सगळे ब्लॅक अँड व्हाइट, म्हणजे तुझ्या निम्म्याहून जास्त कामाला आइस उपयोगाचं नाही, ते बंदच ठेव. तिथे रबरी फुग्याने हवा मारायची, मऊ ब्रश, आणि उरलेलं कॉम्प्युटरवर हाताने.

तू कॅमेऱ्याने स्कॅन करायचं, म्हणजे निगेटिव्हचा डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायचा म्हणालास तेही वाईट नाही, मला आवडतं ते, फार झपाट्याने होतं. पण तुझ्या 24 मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये चौकोनी फ्रेम बसवली की हाताशी 4000 बाय 4000 राहतात, म्हणजे साधारण 1800 डीपीआय, याहून जास्त हवं तर तुकड्यांत काढून जोडत बसायचं. शिवाय तुझ्याकडे मॅक्रो लेन्स नाही, स्टँड नाही, चांगल्या सीआरआयचा, म्हणजे रंग खरे दाखवणारा लाइट नाही, आणि रंगीत निगेटिव्हचा तो नारिंगी थर काढून रंग जागेवर आणणं हे वेगळंच काम आहे. सगळं जमवेपर्यंत पैसे फ्लॅटबेडएवढेच गेलेले असतात. म्हणून माझं म्हणणं, सेकंडहँड व्ही 700, किंवा मिळाला तर व्ही 800. 800 मध्ये एलईडी आहे, दिवा तापायची वाट बघावी लागत नाही.

बघायला जाशील तेव्हा झाकण उघडून काच तिरक्या उजेडात धर, आतल्या बाजूने धुरकट थर धरलाय का बघ. होल्डर सगळे आहेत का ते आधी विचार, 120 चा होल्डर बरेचदा हरवलेला असतो. होल्डरच्या वरच्या टोकाला एक रिकामी खाच असते, मशीन तिथून कॅलिब्रेशन करतं, तिच्यावर कचरा किंवा फिल्मचं टोक आलं की पूर्ण स्कॅनवर उभ्या रेघा येतात आणि माणसाला वाटतं मशीनच गेलं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र फिल्म सपाट ठेवण्यावर घालव, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. 120 ची पट्टी मधे पोटासारखी फुगते, आणि व्ही 700 ला फोकस बदलता येत नाही, एका ठरावीक उंचीवरच तो शार्प बघतो. होल्डरच्या खाली छोटे पाय असतात, ते फिरवून किंवा काढून उंची अर्ध्या-अर्ध्या मिलीमीटरने बदलते. एकच फ्रेम प्रत्येक उंचीवर स्कॅन करून ग्रेन कुठे टोकदार दिसतो ते बघ आणि मग ते पाय तसेच राहू देत. फिल्मवर काच ठेवायची तर अँटी-न्यूटनचीच घे, साध्या गुळगुळीत काचेला आपल्या पावसाळी हवेत फिल्म चिकटली की इंद्रधनुष्यासारखी वर्तुळं उमटतात.

सेटिंग फार नाही. काकांच्या ब्लॅक अँड व्हाइटला 16 बिट ग्रे, टिफ, शार्पनिंग बंद, 3200 डीपीआय. एक फ्रेम शंभर एमबीच्या आसपास होते. 6400 ला ठेवलंस तर चारशे होईल आणि बारकावा तोच.

काकांच्या निगेटिव्ह त्या जुन्या बटर पेपरच्या पाकिटांतून काढशील तेव्हा बुरशी लागलेल्या आधी बाजूला काढ, त्यांना पाणी लावू नकोस, इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, सुटून येतं. त्या तशाच स्कॅन कर. आणि स्कॅनिंगला बसशील तेव्हा काकूंना शेजारी बसव. कुठल्या फोटोत कोण उभं आहे, कुणाच्या लग्नातला आहे, हे आता फक्त त्याच सांगू शकतात, ते फाइलच्या नावातच लिहून टाक.

मशीन बघायला जायच्या आधी मला त्याचे फोटो पाठव, काच आणि होल्डर दोन्हींचे.

तुझाच,
मी

ता.क. पहिली पट्टी झाली की काहीही न सुधारता मूळ टिफ पाठव, मोबाइलवरचा जेपेग नको.