ताई, छकुलीच्या जर्मनच्या गुणांबद्दल

ती. ताईस,
सा. नमस्कार.

छकुलीला जर्मनमध्ये कमी गुण पडले म्हणून तू फोनवर किती कळवळून बोललीस! पण तिचं नेमकं कुठे अडतंय, हे त्या गुणपत्रिकेवरून तुलाही सांगता येईना आणि मलाही. ऐकून कळत नाही, की बोलायला लाजते, की वही उशिरा दिली म्हणून गुण कापले? सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं.

इथे न्यू जर्सीत माझ्या हिंदीच्या वर्गात मी ती पद्धत सोडली आहे. ॲक्टफल ही इथली भाषाशिक्षकांची संस्था भाषेचा वापर तीन प्रकारांत मांडते: ऐकून-वाचून समजणं, समोरच्याशी संवाद आणि तयारी करून लिहिणं-बोलणं. त्यातलं ऐकणं आणि वाचणं मी वेगळं केलं. वर्गात एक गुजराती मुलगा आहे. हिंदी फडाफडा बोलतो, पण देवनागरी पुढे ठेवली की 'ध' आणि 'घ'मध्ये अडखळतो. त्याच्या शेजारची अमेरिकन मुलगी सुबक लिहिते, बिनचूक वाचते, पण 'कितने का है?' एवढं विचारतानाही गप्प होते. जुन्या सरासरीत दोघांनाही 'बी' मिळाला असता. आता १ ते ४ च्या श्रेणीत त्याला संवादात ४, वाचनात १. तिचं बरोबर उलटं. कोणाला काय शिकवायचं ते लगेच दिसतं, मलाही आणि त्यांनाही.

तू पाठवलेले जांभळी नाक्याच्या भाजीबाजाराचे फोटो मी संवादाच्या परीक्षेला वापरते. एक भाजीवाला, दुसरा गिऱ्हाईक. भाव विचारायचा, घासाघीस करायची, समोरचा भलतंच काही बोलला तर निभावून न्यायचं. कोणी 'भिंडी कैसा दिया?' म्हटलं तरी संवादाचे गुण मी कापत नाही. सौदा झाला ना! लिंगाची चूक लेखनात बघते.

आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे वर्षभराची सरासरी नाही. सप्टेंबरमध्ये 'मेरा माँ' म्हणणारं मूल मार्चमध्ये 'मेरी माँ' म्हणायला लागलं, तर जुनी चूक त्याच्या मानगुटीवर का ठेवायची? आज काय येतं ते धरायचं. फेरपरीक्षा देता येते, मात्र आधी सराव करून दाखवायचा. वही उशिरा दिल्याची नोंद वेगळी राहते, भाषेच्या गुणांत ती येत नाही.

काम वाढतं हे खरं. फेरपरीक्षांत दुपारच्या दुपार जातात, आणि सत्राअखेर शाळेला एकच अक्षर द्यावं लागतंच. सीबीएसईने २००९ मध्ये आणलेलं सातत्यपूर्ण मूल्यमापन २०१७ मध्ये गुंडाळलं, तेव्हा तू म्हणाली होतीस, बाई मुलांकडे बघायचं सोडून तक्तेच भरत बसायच्या. ते लक्षात ठेवून मी चारच रकाने ठेवलेत.

छकुलीच्या बाईंना भेटशील तेव्हा टक्क्यांचं बोलू नकोस. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांतलं कुठे अडतंय तेवढं विचार, आणि पुन्हा तोंडी परीक्षा घ्याल का तेही. काय म्हणतात ते मला कळव.

तुझी,
धाकटी